रिकाम्या गावातील आठवडा

कॅलिफोर्नियातील डेव्हिस या गावाचे बोधचिन्ह म्हणजे पुढचे चाक भलेमोठे आणि मागचे इवलेसे, अशी जुन्या काळची सायकल. हे चिन्ह केवळ शोभेचे नाही. अमेरिकेत सायकलींसाठी रस्त्यावर स्वतंत्र पट्टा पहिल्यांदा आखला गेला तो १९६७ साली, याच गावात. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे कुटुंब काही काळ हॉलंडमध्ये राहून परतले, तेथील सायकलींचे रस्ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात, आणि त्यांनी गावात चळवळ उभी केली. विद्यापीठाचे त्या काळचे कुलगुरू एमिल म्राक हेही सायकलीचे पुरस्कर्ते होते. आज विद्यापीठाच्या आवारात चौकांऐवजी सायकलींची वर्तुळे आहेत आणि तास सुटल्यावर त्यांतून शेकडो सायकली गुंजारव करीत फिरत असतात.

मार्चच्या अखेरीस मात्र एक आठवडा ही वर्तुळे ओस पडतात. दहा आठवडे अध्यापन, मग परीक्षा आणि मग वसंताची सुट्टी. पदवीचे विद्यार्थी आपापल्या घरी किंवा समुद्रकिनारी जातात. गावात उरतात ते संशोधक विद्यार्थी. सुट्टी त्यांचीही असते, पण ती दिनदर्शिकेवरच.

अशांपैकी एक विद्यार्थी कृषी-अर्थशास्त्रात डॉक्टरेट करीत आहे. चौथे वर्ष चालू आहे. मूळचा तो फ्रेस्नोच्या बाजूचा. तेथे त्याच्या वडिलांचे मोटारीच्या टायरांचे दुकान आहे. बापाचा व्यवसाय मोटारींवर आणि मुलगा मात्र सायकलवर, हा विनोद घरात आता जुना झाला. सायकल ही त्याची हौस आहेच, पण हिशेबही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी २०२२ च्या अखेरीस संप केला, तेव्हा कुठे अर्धवेळ अध्यापन-सहाय्यकाचे नऊ महिन्यांचे किमान मानधन टप्प्याटप्प्याने ३४ हजार डॉलरपर्यंत आले. त्यातला मोठा वाटा घरभाडे खाते. उरलेल्यात मोटारीचा विमा, इंधन, वाहनतळाचे शुल्क आणि घसारा बसविणे म्हणजे दर महिन्याला तुटीचा ताळेबंद मांडणे होय.

सुट्टीचा सोमवार उत्तरपत्रिका तपासण्यात गेला. मंगळवारी कपडे धुणे, साखळीला तेल देणे आणि टपालपेटीतले एक पत्र चौथ्यांदा वाचणे. शेतीला कर्जे देणाऱ्या एका संस्थेने त्याला विश्लेषकाची नोकरी देऊ केली होती. काम फ्रेस्नोत, म्हणजे घराजवळ. पगार मानधनाच्या दुपटीहून अधिक. उत्तर शुक्रवारपर्यंत हवे होते. पदव्युत्तर पदवी हातात होतीच. प्रबंध सोडून गेला असता तर कोणी दोष दिला नसता. मार्गदर्शकांनीही निर्णय त्याचा त्यालाच करू दिला होता. प्रबंध कधी संपणार, हा वडिलांचा प्रश्न मात्र दर रविवारी ठरलेला असे आणि त्याला दर रविवारी निराळे उत्तर मिळे.

बुधवारी तो सायकल घेऊन पश्चिमेला विंटर्स गावाकडे निघाला. अंतर वीस-बावीस किलोमीटर. सुरुवातीला काळ्या अक्रोडाच्या जुन्या झाडांची रांग, पुढे दोन्ही बाजूंना बागा. बदामाचा मोहोर फेब्रुवारीतच ओसरलेला. आता फांद्यांवर लव असलेली हिरवी फळे धरू लागली होती. वसंतात या खोऱ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि सपाट रस्ताही चढणीसारखा वाटू लागतो. चढण निदान संपते तरी. या वाऱ्याला शेवट नाही. अशा वेळी सायकलस्वार मान खाली घालून पायडल मारतो आणि डोक्यात एकच विचार घोळत राहतो. याच्या डोक्यात प्रबंध घोळत होता.

विषय असा. कॅलिफोर्नियाने २०१४ साली भूजलाचा कायदा केला. त्यानुसार स्थानिक यंत्रणांनी साधारण २०४० च्या सुमारास उपसा आणि भरणा यांचा मेळ घालायचा आहे. पाणी महाग झाले की शेतकरी बागा काढून टाकतात काय, आणि किती, हा त्याचा प्रश्न. उपग्रहाच्या छायाचित्रांत बाग दिसेनाशी झाली की त्याच्या तक्त्यात एक नोंद वाढे. अशा नोंदींवर चार वर्षे गेली होती.

विंटर्स थोडे दूर असतानाच मागचे चाक बसले. टायरमध्ये सराट्याचा काटा रुतला होता. आपल्याकडे शेताच्या बांधावर उगवणारा, वैद्य ज्याला गोखरू म्हणतात, तोच हा काटा; कॅलिफोर्नियात तो उपरा, पण सायकलस्वारांचा नित्याचा वैरी. ट्यूब बदलायला तो थांबला, तर समोरच एक बाग उपटून पडलेली. झाडे आडवी, मुळे उघडी, आणि एक यंत्र त्यांचा भुसा करीत होते. हा भुसा हल्ली जाळण्याऐवजी त्याच जमिनीत मिसळतात. मालट्रकच्या सावलीत बसलेल्या मुकादमाला त्याने सहज विचारले, पाण्यामुळे काढली काय? मुकादम हसला. पाण्याची काही अडचण नव्हती, झाडे पंचविशी ओलांडून गेली होती, उतारा घटला होता. नव्या रोपांची मागणी केव्हाच नोंदविलेली आहे, असे त्याने सांगितले.

तक्त्यात अशा बागेची नोंद पाण्याच्या खाती पडली असती. झाडाच्या वयाचा रकानाच त्यात नव्हता. बागेवर कर्ज देणाऱ्या कोणत्याही माणसाने पहिल्या भेटीत विचारला असता तो हा प्रश्न. विद्यापीठात त्याला चार वर्षे आणि एक काटा लागला, याचे हसू येते. पण लागला हे बरेच झाले. अनेक पंडितांना तोही लागत नाही.

परतीला वारा बाजूने होता. रात्री त्याने हिशेब मांडला. लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे १९७२ पासूनची आहेत. त्यांत मागे मागे जाऊन प्रत्येक बाग केव्हा लावली गेली ते काढता येते. काम किमान चार महिन्यांचे. कदाचित त्यानंतर मूळ निष्कर्षच उरणार नाही. एकीकडे हे, आणि दुसरीकडे वर्षभराचा पक्का पगार. मोह पगाराचा होताच, शिवाय आणखी एक होता: त्या नोकरीत खरी बाग आणि खरा शेतकरी रोज भेटला असता. उलट, ज्या तक्त्यावर आता त्याचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता, त्याच्याच बळावर ती नोकरी त्याला मिळत होती. मुलाखतीत त्याने तोच तर दाखविला होता.

गुरुवारी त्याने संस्थेला दोन गोष्टी कळविल्या: तक्त्यात काय राहून गेले आहे ते, आणि डिसेंबरपर्यंत थांबता येईल काय, ही विचारणा. उत्तर त्याच दिवशी आले. कळविल्याबद्दल आभार होते. जागा मात्र लगेच भरायची होती. शुक्रवारी त्याने नकार पाठविला.

रविवारी संध्याकाळी सामानाच्या पेट्या ओढीत विद्यार्थी परतू लागले. दूरध्वनीवर वडिलांना त्याने सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत मानधन नसते, तेव्हा भाड्याचे काय, एवढेच त्यांनी विचारले. शिल्लक दीड महिन्याची आहे, असे याने खरे ते सांगितले. जूनमध्ये दुकानातल्या मालाची मोजणी असते; दोन आठवडे ये, कामाचे पैसे देईन, असे ते म्हणाले. किती, ते मात्र सांगितले नाही.