डब्यातला भुंगा

सिद्धेश्वरच्या परिसरात, पूर्णेच्या काठच्या गावांतून हरभऱ्याची सोंगणी झाली की कष्टकरी घरातही चार पायल्या हरभरा, थोडी तूर येऊन पडते. घामाचा हा दाणा वर्षभर पुरवायचा असतो. पण आखाडात पोते सोडावे, तर दाण्यादाण्याला भोक! ‘आपोआप किडे झाले,’ असे आपण म्हणतो. मायबहिणींनो, आपोआप काहीच होत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते.

हा तपकिरी भुंगा जेमतेम 3-4 मिलिमीटरचा. उडून शेतातल्या पिकत्या शेंगांवरही तो अंडी घालतो. म्हणजे पुष्कळदा कीड धान्याबरोबरच घरात येते. मादी सुमारे 80 अंडी घालते, एकेक दाण्याला चिकटवून. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले की समजावे, तीच अंडी. चार-सहा दिवसांत अळी निघते, ती थेट दाण्यात शिरते आणि आतला गर खात वाढते. बाहेरून दाणा साबूत दिसतो! साधारण महिन्याभरात भुंगा गोल झाकण ढकलून बाहेर पडतो. तो स्वतः धान्य खात नाही, आठ-पंधरा दिवसच जगतो, पण तेवढ्यात पुढची अंडी घालून जातो. निम्म्या माद्या धरल्या, तरी एकीच्या लेकींची अंडी तीन हजारांवर जातात. असे पोखरलेले बी पेरले तर नीट उगवतही नाही.

उपाय घरचेच आहेत. धान्य कडक उन्हात वाळवावे, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. जुने पोते झटकून, उन्हात तापवूनच वापरावे. किलोला चहाचा एक चमचा खाण्याचे तेल चोळले तर अंडी गुदमरतात. चाळलेली कोरडी राख मिसळली तर भुंग्याला दाण्यांतून फिरता येत नाही. खायची तूर लवकर भरडून डाळ करावी. अळीला अख्खा दाणा लागतो, डाळीत तिचे फारसे फावत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही हात जोडून सांगतो. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. आपली घरे एका-दोन खोल्यांची. पोत्याशेजारीच लेकरे झोपतात. ते औषध जाणकारांच्या देखरेखीखाली, गोदामातच वापरायचे असते. पायलीभर हरभरा गेला तर पुन्हा मिळवता येईल. लेकरू पुन्हा मिळत नाही.