रनिंग कमी, म्हणून गाडी चांगली?

वापरलेली गाडी विकणारा माणूस सगळ्यात आधी रनिंग सांगतो. 'सात वर्षांत फक्त अठरा हजार. अलिबागच्या बंगल्यावरच असायची.' पोलो जीटी, पुंटो अबार्थ, ऑक्टाव्हिया आरएस असल्या हौसेच्या गाड्यांच्या बाबतीत तर हे वाक्य छाती फुगवून सांगितलं जातं, आणि घेणाराही त्यावर खूश होतो. मला विचाराल तर हे वाक्य ऐकलं की भाव पाडून मागावा. रायगडच्या किनारपट्टीवर ब्रेक आणि टायर किलोमीटरनं जितके झिजतात, त्याहून जास्त उभ्या उभ्या खराब होतात.

मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि रनिंग आणखी घटलं. पूर्वी पेण-वडखळवरून शंभरेक किलोमीटरचा रस्ता तुडवावा लागे, कार्लेखिंडीत थोडा तरी ब्रेक दाबावा लागे. आता गाडी बोटीतून येते, मांडव्याहून वीसेक किलोमीटर चालते आणि बंगल्याच्या आवारात उभी राहते. काही जण तर ती इथंच ठेवून मोकळ्या हातानं परत जातात. पुढची फेरी कधी तीन आठवड्यांनी, कधी थेट पावसाळा संपल्यावर. मधल्या काळात खारा वारा मात्र सुट्टी घेत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर पोयनाडच्या एका गॅरेजात अशाच एका लाल हॅचबॅकचं पुढचं चाक खोललेलं पाहिलं. बाहेरून कॅलिपरला झकास लाल रंग मारलेला. डिस्कचा बाहेरचा चेहराही बरा. मेकॅनिकनं पॅड काढून हातावर ठेवले. बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक, आतला पार पत्र्याला टेकलेला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांची रबरी टोपणं तडकली होती, आतलं ग्रीस धुऊन जाऊन गंज धरला होता. कॅलिपर सरकेना, त्यामुळे पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच मरत राहिला. डिस्कच्या आतल्या अंगाला खड्डे पडलेले, आणि पॅड महिनोन् महिने जिथं टेकून राहिला तिथं त्याच्या आकाराचा काळा ठसा. पेडल थडथडत होतं ते त्यामुळेच. मालकाची तक्रार मात्र 'अलाइनमेंट करूनही गाडी थरथरते' अशी होती.

डिस्क बीडाची असते. रात्रभर दमट हवेत उभी राहिली की तिच्यावर तांबूस थर येणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. सकाळी चार-पाचदा नीट ब्रेक मारला की पॅड तो घासून काढतात. पण मारायला कुणीतरी हवं ना! थर आठवडेच्या आठवडे राहिला की तो लोखंड खात आत जातो. मग डिस्क टर्निंग करून भागतं किंवा भागतही नाही, कारण प्रत्येक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो आणि त्याखाली गेली की ती बदलायचीच.

यात एक गंमत आहे. पोलो जीटी टीएसआय आली तेव्हा मागे ड्रम दिल्याबद्दल शौकिनांनी नाकं मुरडली होती. २०१५च्या पुंटो अबार्थला चारही चाकांना डिस्क, म्हणून तिचं कौतुक. घाटात ते योग्यच होतं. पण इंजिन पुढे असलेल्या गाडीत ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागच्या डिस्कला आधीच काम कमी, त्यातून गाडी नाक्यापर्यंतच जाणारी. किनाऱ्यावर सगळ्यात आधी गंजते ती हीच मागची डिस्क. झाकलेला ड्रम इथं त्यामानानं सुखी असतो, फक्त हँडब्रेक ओढून महिनाभर सोडून जाऊ नये. लायनर चिकटून बसतो. गिअरमध्ये टाकावी, चाकाखाली लाकडी ठोकळे द्यावेत.

टायरचं दुखणं याहून फसवं. नक्षी शाबूत दिसते, तेव्हा टायर नवेच वाटतात. भारतात कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि या गाड्यांची सहा-सात मिलिमीटर सहज भरते. बघायचा आकडा मात्र वेगळा. टायरच्या भिंतीवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २२१७ म्हणजे २०१७चा बाविसावा आठवडा. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण आणि रसायनं घातलेली असतात, आणि टायर चालताना दबतो-उमलतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला ते वंगण मिळत नाही. ऊन मिळतं फक्त. रबर कडक होतं, भिंतीवर केसाएवढ्या भेगा दिसू लागतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर सरळ बाद, असं मिशेलिनसारखी कंपनीच सांगते. वेगवान गाडीसाठी इतकी वाटही पाहू नये, असं माझं मत. कडक झालेला टायर कोरड्या रस्त्यावर निभावतो. जूनच्या पहिल्या सरीत साळाव-काशीद-मुरूडच्या वळणांवर पोरकं करतो.

त्यात मालकांची सतरा-अठरा इंची अलॉयची हौस. टायरची भिंत दोन बोटं उरते, खड्ड्यात रिम वाकते नाहीतर भिंतीला फुगा येतो. आपल्या रस्त्यांवर एक इंच लहान रिम आणि जाड टायर घेणारा शहाणा. दिसायला कमी पडेल, पडू दे.

पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धनला येणाऱ्यांनी ब्रेक ऑइलचं मनावर घ्यावं. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ तेल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये ठेवून अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तेल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. पेडल थेट तळाला. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि रनिंग कितीही असो, तेल दर दोन वर्षांनी बदला. शक्यतो मे महिन्यात.

राहिला बंगल्याचा राखणदार. दर रविवारी तो इमानदारीनं गाडी सुरू करतो, दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवतो आणि बंद करतो. बॅटरीचं थोडंफार भलं होत असेल, ब्रेक-टायरला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याच्याकडे लायसन्स असेल आणि विम्याचे कागद चालू असतील, तर जीव घट्ट करून चावी त्याच्या हातात द्या. आठवड्यातून एकदा त्याला रेवदंड्यापर्यंत जाऊन येऊ द्या, वाटेत चार-पाच वेळा ब्रेक चांगला दाबायला सांगा. पेट्रोलचे पैसे तेवढे वेळेवर द्या.