मातृभाषेचा दोष

कॉल सेंटरच्या भरतीत काही उमेदवारांच्या नावापुढे ‘एमटीआय’ असा शेरा पडतो. मदर टंग इन्फ्लुएन्स, म्हणजे इंग्रजी बोलताना मातृभाषेचा हेल लागणे. नांदेडकडच्या मुलाच्या तोंडून ‘शिफ्ट’चे ‘सिफ्ट’ झाले की समोरच्याचे पेन चालते. त्याला सांगताना शब्द सौम्य होतात : ‘कम्युनिकेशन थोडं कमी पडलं.’ गिऱ्हाईक अमेरिकेतले असेल आणि त्याला हे बोलणे कळणार नसेल, तर तक्रार गैर नाही. पण हिशेब लिहिणाऱ्याला, गोदाम सांभाळणाऱ्याला, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या प्रोग्रॅमरलाही हाच निकष लावला, तर कामाची लायकी बाजूला राहते आणि उमेदवाराचे घर तपासले जाते.

घर तपासण्याचे सरळ मार्गही आहेतच. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे सांगणाऱ्या या अधिकाऱ्यांना ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारण्यात काहीच वावगे वाटत नव्हते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ५४८ नोकरीच्या जाहिरातींना पाठवलेल्या ४,८०८ अर्जांचा निष्कर्ष मांडला. पात्रता सारखी, नावे तेवढी वेगळी. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. आडनाव कागदावर दिसते आणि हेल कानावर पडतो, एवढाच काय तो फरक.

मग सगळ्यांनी इंग्रजी शिकावे, हे उत्तर तयारच असते. ते चूक नाही. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी २००५ च्या आकडेवारीवरून दाखवले, की शिक्षण, वय, सामाजिक गट यांचा हिशेब धरूनही अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होती. पण इंग्रजी शिकायचे की नाही, हे तरी कोण ठरवतो? याचे उत्तर दादरमध्ये सापडले. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी तिथल्या शाळांमधल्या वीस वर्षांच्या काळातल्या मुलामुलींचा माग काढला. नव्वदच्या दशकात इंग्रजीचा भाव वाढला, तरी कामकरी जातींतले मुलगे मराठी माध्यमातच राहत होते. कारण साधे होते. मामा, चुलता, गाववाला आपल्या खात्यात ‘चिकटवून’ देई, आणि त्या नोकरीला इंग्रजी लागत नसे. मुलींना चिकटवणारे असे कोणी नव्हते, म्हणून त्यांचा ओढा इंग्रजी शाळांकडे वळला. ज्या गोतावळ्याने बापाला तारले, त्यानेच मुलाला अडवले. अशा मुलाला ‘तू इंग्रजी का शिकला नाहीस’ असे विचारणे म्हणजे त्याच्या सबंध घराचा इतिहास त्याच्या एकट्याच्या माथी मारणे आहे.

एवढे बोलून इंग्रजीच्या नावाने बोटे मोडता येतील, पण आपले मराठी कार्यालय तरी कुठे निराळे आहे? ‘आनी’, ‘पानी’ म्हणणाऱ्याचे टिपण चोख असले, तरी बैठकीत दोघे एकमेकांकडे पाहून हसतात. पुढच्या बैठकीत तो गप्प बसतो. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘पुढाकार कमी’ अशी नोंद होते आणि ती खरीच असते!

कायद्याचीही इथे फार मदत होत नाही. घटनेच्या कलम १६(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास अशी सात कारणे आहेत. भाषा त्यात नाही. शिवाय ते कलम सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी कंपनीला निदान एवढे सांगता येईल, की जाहिरातीतले ‘उत्तम संवादकौशल्य’ काढा. कोणत्या भाषेत, कोणाशी आणि कितपत बोलावे लागेल, ते लिहा. असे लिहायला बसले की निम्म्या जागांसाठी इंग्रजीची अट का घातली होती, हे लिहिणाऱ्यालाच आठवणार नाही.

‘एमटीआय’चा शेरा मिळालेला मुलगा पुष्कळदा त्याच धंद्यात मागच्या दाराने परत येतो. प्रादेशिक भाषेच्या ‘प्रोसेस’मध्ये, कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांच्या वसुलीवर. ‘दादा, कापूस इकला का? मंग थोडं तरी भरा की’, असे तो जिंतूरच्या शेतकऱ्याला म्हणतो आणि पलीकडचा माणूस फोन न आपटता बोलत राहतो. इथे त्याच्या हेलावर कोणी बोट ठेवत नाही, उलट त्या हेलासाठीच त्याला घेतलेले असते. इंग्रजी ‘प्रोसेस’मधल्या मुलापेक्षा पगार मात्र कमी.