जतन केलेल्या खुणांत परकी गर्दी नको

नकाशाच्या ॲपमध्ये माणूस एखादी जागा जतन करतो, तेव्हा निवड त्याने आधीच केलेली असते. त्या यादीत शोधताना ॲपने सारे शहर पुढ्यात ओतणे म्हणजे ती निवड धुडकावणे. जबलपूरमध्ये हे फार जाचते. रानीताल, हनुमानताल, चेरीताल, आधारताल अशी तळ्यांवरून पडलेली नावे तिथे जागोजाग. मदनमहाल हा किल्लाही आणि रेल्वे स्थानकही. नर्मदा परिक्रमेला निघालेल्या मराठी माणसांसाठी तर प्रश्न अधिक गंभीर. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, आणि जबलपूरच्या ग्वारीघाटाची देवळे उत्तर तीरावर, तर गुरुद्वारा पैलतीरावर. ‘घाट’ शोधल्यावर जतन केलेल्या मुक्कामाआधी भलतीच जागा वर आली, तर थकलेल्या पायांना नसता फेरा पडतो.

शोध सैलच हवा, कारण रोमन लिपीत एकाच घाटाचे स्पेलिंग अनेक तऱ्हांनी लिहिले जाते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. स्पेलिंगची चूक ॲपने पोटात घालावीच. पण अक्षरांबाबत उदार असणे वेगळे आणि यादीची हद्द मोडणे वेगळे. आधी नावात जुळणाऱ्या खुणा दाखवाव्यात, मग टिपणात किंवा पत्त्यात जुळणाऱ्या. बाहेरचे निकाल स्वतंत्र मथळ्याखाली, तेही मागितले तरच.