गोधडीतलं शेत

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे टोरांटोला होते. नात आठ वर्षांची, तिला ग्रंथालयातून पुस्तकं आणायचा भारी नाद. एका संध्याकाळी तिनं एक मोठ्या आकाराचं चित्रांचं पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "आजी, यातला पूल कुठे संपतो ते दाखव."

मंडळी, मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पण पूल कुठे संपतो ते काही सापडेना! समुद्रावर उंच कमानींचा पूल. नजर पुढे सरकत जाते तशी शिडाची जहाजं दिसू लागतात. कमानींमधून दिसणारं आकाशच हळूहळू शीड होतं. कमान कुठे संपली आणि जहाज कुठे सुरू झालं, ती रेघ बोट ठेवून दाखवताच येत नाही.

चित्रकाराचं नाव रॉब गोन्साल्विस. आडनाव वाचून मला वाटलं, आपल्या वसईचा कोणी असेल. पण जन्म टोरांटोचाच, १९५९चा. बाराव्या वर्षी यथार्थदर्शन शिकला, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह म्हणतात ते. पुढे वास्तुरचनाकार म्हणून नोकरी केली, भिंतींवर फसवी चित्रं रंगवली, नाटकांचे पडदेही रंगवले. १९९० साली टोरांटोच्या खुल्या प्रदर्शनात त्याची चित्रं लोकांना फार आवडली, तेव्हापासून पूर्णवेळ चित्रकार झाला. २००३ पासून त्याच्या चित्रांची मुलांसाठी पुस्तकं निघाली. त्यातल्या 'इमॅजिन अ डे'ला २००५ साली कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. २०१७ साली गेला बिचारा, साठीही गाठली नाही.

त्याला सगळे अतिवास्तववादी म्हणतात. मला हे पटत नाही. १९२४ साली पॅरिसमध्ये ब्रेतॉंनं या पंथाचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्याचा भर स्वप्नावर आणि बुद्धीचा लगाम सोडण्यावर होता. हा गृहस्थ तर लगाम एक क्षणही सोडत नाही. कमानीची रुंदी आणि शिडाची रुंदी आधी मापून घेतल्याशिवाय हे चित्र होणारच नाही. दालीपेक्षा तो मॅग्रिट आणि एशर यांच्या घरचा. स्वप्न पडलेला माणूस नव्हे, स्वप्नाचा नकाशा काढणारा माणूस!

"ही नुसती हातचलाखी आहे, एकदा कळली की संपली," असं जावई म्हणाले. थोडं खरं आहे त्यांचं. काही चित्रं कोड्यासारखी आहेत, उत्तर सापडलं की पुन्हा बघावंसं वाटत नाही. माणसंही जरा बाहुल्यांसारखी वाटतात. पण एका चित्रापाशी मी अडकले ती अजून सुटलेले नाही. एक मूल अंथरुणावर हात पसरून आहे, विमानासारखे. खाली चौकोनी तुकड्यांची रजई. तिचे तुकडे लांब जाता जाता शेतं होतात, रात्रीची, वरून पाहिलेली.

नात म्हणाली, "आजी, तू रडतेयस का?"

मला वाईजवळची आमची शाळा आठवली. मी मराठी शिकवायचे. चित्रकलेला वेगळे शिक्षक नव्हते, म्हणून तो तासही माझ्याच गळ्यात पडला होता. सातवीला विषय दिला होता, 'माझे गाव'. सगळ्यांनी दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, नदीत होडी काढली (आमच्या गावात होडी कुणी पाहिली होती कोण जाणे!). एका मुलानं मात्र कागदभर गोधडी काढली. आईची गोधडी. एका तुकड्यावर विहीर, एकावर बैलजोडी, आणि धावदोऱ्याचे टाके पुढे जाता जाता नांगराची तासं झालेली. मी लाल शाईनं लिहिलं, 'विषय सोडून.' दहापैकी तीन. तो उभा राहून म्हणाला, "बाई, घाटातनं असंच दिसतंय." मी म्हटलं, "बस खाली."

त्याच वर्गाला मी 'मी पक्षी झालो तर' हा निबंध घालायची आणि ज्यानं जास्त उंच भरारी घेतली त्याला पैकीच्या पैकी द्यायची. तोच प्रकार या पोरानं कागदावर केला तर तीन! कल्पनाशक्ती शब्दांत चालते, चित्रात मात्र डोंगर त्रिकोणीच हवा, असं आम्हा शिक्षकांच्या डोक्यात कुणी भरलं होतं? एवढ्या वर्षांत मला स्वतःला हा प्रश्न पडला नाही. आणि आम्ही समजायचो की असली चित्रं काढणाऱ्याला शिस्त नाही. अहो, टाक्याची ओळ तासाच्या ओळीला जुळवायची म्हणजे डोंगर-सूर्य काढण्यापेक्षा दसपट शिस्त लागते. गोन्साल्विसची चित्रं बघून मला हे कळलं, तेही वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

पसरणीचा घाट मी एस.टी.नं शेकडो वेळा उतरले असेन. खिडकीची जागाही मिळायची बरेचदा. पण खाली गोधडी दिसली नाही ती नाहीच. परत आल्यावर मुद्दाम गेले. पावसाळा नुकताच संपला होता. दिसली.

त्या मुलाचं नाव मला आठवत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. गुण बरोबर आठवतात, नाव नाही. १९८८च्या सुमाराची ती सातवी. आमच्या नात्यातले दोघं-तिघं त्या शाळेत होते, ते हे वाचतील. त्यांच्यापैकी कुणाला तो कुठे असतो ते ठाऊक असेल तर मला कळवा. त्याला चित्राबद्दल विचारायचं आहे, आणि गुणांचंही बोलायचं आहे.