विरक्तीचे व्रत आणि आपली भीड

२०२४ साली ‘महाराज’ हा चित्रपट आला आणि १८६२ सालचा एक खटला गुजरातेतील घराघरांत पुन्हा चर्चिला जाऊ लागला. आमच्या चलथाणातील पालक मंडळीही विचारती झाली, “गुरुजी, धर्मगुरू आपली व्रते खरोखर पाळतात का हो?” प्रश्न नाजूक खरा, परंतु तो मुलांच्या कानी पोहोचला असताना वडीलधाऱ्यांनी मौन धरणे आम्हांस उचित वाटत नाही.

त्या खटल्याशी सुरतेचा आणि मराठी माणसाचाही संबंध आहे. वादी जदुनाथजी महाराज हे सुरतेहून मुंबईस गेलेले. करसनदास मुळजींनी २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये महाराजांच्या दुराचारावर लेख लिहिला, म्हणून त्यांनी पन्नास हजार रुपयांच्या अब्रूनुकसानीचा दावा लावला. साक्षीस उभे राहिले डॉ. भाऊ दाजी लाड. महाराजांच्या गुप्तरोगाविषयी त्यांनी शपथेवर सांगितले. न्यायालयाने आरोप सिद्ध मानले व करसनदासांना खर्चापोटी ११,५०० रुपये देवविले. प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, असा न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्या निकालाचा आशय होता.

येथे एक विवेक राखला पाहिजे. वल्लभ संप्रदायाचे आचार्य गृहस्थाश्रमी असतात. ब्रह्मचर्याचे व्रत त्यांचे नव्हेच. म्हणजे विवाहाची मुभा असली की आचरण आपोआप शुद्ध राहते, असे मुळीच नाही. उलट रोमन कॅथलिक पंथात ११३९ च्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरविले, तरी तेथेही व्रतभंगाची व तो झाकल्याची प्रकरणे अनेक देशांत उघडकीस आली. दोहोंचे मूळ एकच: ज्याला प्रश्न विचारण्याची कुणाची छाती होत नाही, त्याचा तोल सांभाळणारेही कुणी उरत नाही. स्वामिनारायण संप्रदायाच्या त्यागी साधूंना स्त्रीसहवास व द्रव्य वर्ज्य आहे आणि बाहेर पडताना सोबतीला दुसरा साधू असावा असा दंडक आहे. व्रत केवळ मनोबलावर सोडू नये, त्याला नियमाचे कुंपण असावे, हे शहाणपण त्यात दिसते.

मात्र व्रत झेपले नाही, तर काय? या बाबतीत आपल्या समाजाचा इतिहास फारसा भूषणावह नाही. विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला. पुढे गुरूच्या आज्ञेने ते आळंदीस पत्नीकडे परतले. परतल्याचे त्यांनी लपविले नाही, उजळ माथ्याने संसार मांडला. समाजाने त्यांना वाळीत टाकले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, अशी परंपरा आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही ‘संन्याशाची पोरे’ ठरली. त्यांच्यातल्याच ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये मराठीला ज्ञानेश्वरी दिली.

वाचकहो, या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. जो उघडपणे परतला, त्याचे घर आपण उद्ध्वस्त केले. ज्यांनी आडपडद्याने अनाचार केला, त्यांच्या पायांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोटांगणे घातली. अशाने सचोटीला शिक्षा आणि दंभाला बक्षीस मिळते. मग दंभ वाढला, तर नवल ते काय?

सारेच साधू ढोंगी, असे म्हणणे हाही अन्यायच. निष्ठेने व्रत पाळणारे पुष्कळ असतात. ते गाजत नाहीत, इतकेच. त्यांना नमस्कार करावा. परंतु आपल्या लेकी-सुनांना व मुलांना कुणाच्याही एकान्तात सेवेला पाठवू नये. आणि त्यांनी घरी येऊन काही सांगितले, तर प्रथम त्यांच्यावर विश्वास ठेवावा. अजाण वयाच्या मुलाला आजन्म व्रतात बांधण्याची घाई करू नये. ज्याला ते पेलले नाही व जो तसे मोकळेपणी सांगतो, त्याच्यासाठी घराचे दार उघडे ठेवावे. ज्या व्रतातून प्रामाणिकपणे बाहेर पडता येते, तेच प्रामाणिकपणे पाळलेही जाते, अशी आमची धारणा आहे.