बातमी आपल्यापर्यंत येईस्तोवर

शेअर बाजारात ‘आतली बातमी’ या दोन शब्दांइतके महाग शब्द दुसरे नाहीत. ज्याच्याकडे ती खरोखर असते तो बोलत नाही, आणि जो सांगत फिरतो त्याच्याकडे ती बहुधा नसते. वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही सांगतो म्हणून हे मानू नका. अमेरिकेतील ॲपल या संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या दोन हकिगती ऐका आणि मग ठरवा.

पहिली हकिगत १९९७ सालची. आज ज्या कंपनीच्या फोनची किंमत ऐकूनच आपण दुकानाची पायरी उतरतो, ती कंपनी तेव्हा बुडायच्या बेतात होती. त्या एका आर्थिक वर्षात तिला शंभर कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. अशात २६ जून १९९७ रोजी कुणीतरी ॲपलचे १५ लाख शेअर एकदम विकले. विकणाऱ्याचे नाव गुलदस्त्यात. भाव आधीच घसरत होता, तो आता बारा वर्षांतील नीचांकाला गेला. साहजिकच गुंतवणूकदारांत एकच चर्चा सुरू झाली. विकणारा कोण? त्याला काय कळले? आपणही विकावे काय?

पुढे उघड झाले की विकणारे होते स्टीव्ह जॉब्ज. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १९८५ मध्ये ते ॲपलमधून बाहेर पडले होते. त्यांची ‘नेक्स्ट’ ही कंपनी ॲपलने विकत घेतली तेव्हा त्या व्यवहारात हे शेअर त्यांना मिळाले आणि ते सल्लागार म्हणून परत आले. एक शेअर हाती ठेवून बाकी सारे त्यांनी विकले. संचालक मंडळ काही करील ही आशाच आपण सोडली होती, असे त्यांनी नंतर सांगितले.

मग काय घडले? जुलैमध्ये मुख्याधिकारी गिल अमेलिओ यांना जावे लागले. ६ ऑगस्ट रोजी मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले आणि एका दिवसात शेअर १९.७५ डॉलरवरून २६.३१ डॉलरवर गेला. म्हणजे ज्यांना कंपनीची नस न् नस ठाऊक, त्यांनीच तळाच्या भावाला शेअर विकले! पुढच्या सहा आठवड्यांचे त्यांनाही दिसले नाही. आणि त्यांच्या विक्रीने घाबरून ज्या लहान माणसांनी आपले शेअर विकले असतील, त्यांचे काय झाले असेल?

यावरून ‘पडत्या भावाला घ्या आणि धरून बसा’ असा धडा मात्र कुणी घेऊ नये. त्याच काळातील कमोडोर ही नामवंत संगणक कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, ती गेलीच. तिचे शेअर धरून बसणाऱ्यांच्या हाती कागद राहिले.

दुसरी हकिगत अलीकडची. जीन लेव्हॉफ हे ॲपलमधील वरिष्ठ कायदा अधिकारी. आतली माहिती वापरून कुणी शेअरची खरेदी-विक्री करू नये, हे पाहणे त्यांचे काम. या काळात व्यवहार बंद आहे, अशा सूचना कर्मचाऱ्यांना तेच पाठवीत. जुलै २०१५ मध्ये तिमाहीचे आकडे जाहीर होण्याआधी या गृहस्थांनी आपल्याकडचे जवळजवळ सारे, सुमारे एक कोटी डॉलरचे, ॲपलचे शेअर विकले. आकडे आले आणि भाव चार टक्क्यांहून अधिक पडला. कुंपणच शेत खाऊ लागले! २०१९ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, २०२२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली २०२३ च्या डिसेंबरात: चार वर्षे देखरेखीखाली राहणे, समाजसेवा आणि दंड. तुरुंग नाही. पाव चोरणाऱ्याला कोठडी मिळते, हे आपल्याला माहीत आहे.

आता आपल्या घरात या. परवा एका निवृत्त बांधवाने आम्हाला विचारले, “साहेब, पोराच्या फोनवर गट आहे. अमुक कंपनीत मोठा माल उचलला जातोय म्हणतात. ग्रॅच्युइटीचे पैसे घालू का?” तीस वर्षांच्या घामाचे ते पैसे. मुलीचे लग्न आणि घराची गळती, दोन्ही त्यातच भागवायचे होते.

आम्ही त्यांना समजावले ते असे. एकदम मोठी उलाढाल झाली म्हणजे कुणीतरी विकले आणि कुणीतरी घेतले, एवढेच कळते. पडद्यावर नग आणि भाव दिसतो. नाव दिसत नाही, कारण दिसत नाही. विकणाऱ्याला कर भरायचा असेल, कर्ज फेडायचे असेल किंवा तो नुसता निराश झाला असेल. ती बातमी गटातून फिरत तुमच्याकडे येते तोवर कमावणारा कमावून मोकळा झालेला असतो. कित्येकदा त्याला आपला माल खपवायला गिऱ्हाईक हवे असते आणि ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि बुडालेली रक्कम १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त भरली. हे पैसे कुठल्या तरी घरातूनच गेले ना?

आम्ही शेअरच्या विरोधात नाही. आपल्या मुलांनी बाजार शिकावा, कंपनीचा ताळेबंद वाचावा, त्यात भीती कसली? पण पैसे घालण्यापूर्वी घरात सर्वांसमक्ष तीन प्रश्न विचारा. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे काय? कंपनी काय विकते आणि नफा कशातून मिळविते, हे आपण आपल्या शब्दांत सांगू शकतो काय? आणि ही सारी रक्कम बुडाली तर पुढच्या महिन्याची चूल पेटेल काय? एकाचेही उत्तर ‘नाही’ आले तर पैसे बँकेत राहू द्यावेत.

त्या बांधवाने पासबुक पिशवीत घातले आणि आधी पत्रे बदलायचे ठरविले. पावसाळ्याआधी ते काम होईल.